पाण्यावरच्या हाकेला दिलेली ओ

लग्न झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी माझ्या सासूबाईंना नदीच्या गाळात रुतवून ठेवलं होतं. मुद्दाम नव्हे हो... पण माझ्या मूर्खपणामुळं त्या चांगल्या कमरेपर्यंत रुतून बसल्या, आणि मी पलीकडं खडकाआड धुणं धूत, सगळं ऐकत, गप्प बसले होते.

आधी ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सीना नदीच्या काठी. आता तिथं धरणाचा फुगवटा आहे, तेव्हा नुसती नदी होती. मी सून म्हणून घरात आले तेव्हा आत्याबाईंनी - सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो - पहिला नियम सांगितला. पाण्याजवळ कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. पाण्यात आसरा असतात, पाण्यातल्या बाया. त्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतात, आणि तू ओ दिलीस की तू त्यांची झालीस. तिसरी हाक आली तरच ओ द्यायची, कारण आसरांना तिसरी हाक मारता येत नाही. का येत नाही, हे विचारायची सोय तेव्हाच्या सुनांना नव्हती.

तर त्या दिवशी आत्याबाईंचं लुगडं वाहून गेलं, त्या धरायला गेल्या आणि रुतल्या. "शालन!" पहिली हाक. मी साबणाचा हात तसाच धरून बसले. "आगं शालन!" दुसरी. मी म्हटलं, आता तिसरी आली की लगेच उठायचं. पण तिसऱ्यांदा त्यांनी नाव घेतलंच नाही. शिव्या सुरू केल्या. "भवाने, कान फुटले का गं तुझे! तुझ्या बापानं मुकी-बहिरी गळ्यात मारली व्हय आमच्या!" आता शिव्यांचा नियम मला कुणी सांगितलाच नव्हता! शिवी ही हाक धरायची का नाही? मी अठरा-एकोणीस वर्षांची, सातवी पास, डोक्यात शेण. विचार करत बसले. शेवटी वाटेनं जाणाऱ्या माणसांनी त्यांना ओढून काढलं. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं पाहुणे आले की आत्याबाई माझ्याकडं बघून सांगायच्या, "सून लई गुणाची हाय. सांगितलेलं ऐकती."

हे आठवून मी आजही एकटी हसते. आणि म्हणूनच सांगते - त्या दिवसापासून माझा आसरांवर, भुतांवर, कशाकशावर विश्वास राहिला नाही. नातीनं मला तुमचा हा ग्रुप दाखवला. तुमचे अनुभव मी वाचते. हायवेला लिफ्ट मागणारी बाई, चिंचेखालची बाई, विहिरीवरची बाई... मेल्यावरसुद्धा उन्हातान्हात उभं राहायचं काम बायकांनाच का, एवढाच प्रश्न मला पडतो. सोनारीच्या भैरवनाथाला मी दर वर्षी जाते, नारळ फोडते, ते वेगळं. पण अंगात येणं, चकवा लागणं, असलं काही मला सांगायला आलेल्या बायकांना मी चहा पाजून वाटेला लावते.

आता माझीच पाळी आली आहे. चहा तुम्ही पाजा.

आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे गळाला लागले. धरणाच्या फुगवट्यात चिलापी, मरळ, रोहू, काय मिळेल ते. सकाळी कणकेचे गोळे खिशात घालून जायचे ते जेवायच्या वेळेला परत. कधी पिशवीत मासे, कधी नुसतेच चिखलाचे पाय. मी म्हणायची, "मासे तुम्हाला धरतात का तुम्ही माशांना?" त्यावर ते म्हणायचे, "आगं, गळ टाकून बसलं की डोकं थंड ऱ्हातं. जल्मभर हॉर्न ऐकलाय म्या."

मुलगा संजू कॅनडात असतो. ट्रक दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे, विनिपेग शहरात. त्यानं ठरवलं, अण्णांना एकदा तिथल्या मासेमारीला न्यायचं. तिथं म्हणे पार उत्तरेला, जिथं रस्तासुद्धा जात नाही, तिथं मोठमोठ्या नद्यांच्या काठी लाकडी लॉज असतात. पाण्यावर उतरणाऱ्या इवल्याशा विमानातून जायचं, आठवडाभर राहायचं, रोज सकाळी गाइडबरोबर मोटारीच्या होडीतून मासे धरायला जायचं. जगभरातून माणसं येतात.

आणि धरून काय करायचं? तर सोडून द्यायचं! संजूनं हे सांगितलं तेव्हा मला आधी खरं वाटेना. मासा धरायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात. दुपारी काठावर चूल पेटवून खायला लागतील तेवढे ठेवायचे, बाकी सगळे सोडायचे.

"मग गेलातच कशाला?" मी विचारलं.

"आई, तो खेळ आहे," संजू म्हणाला.

"आपल्याकडं याला छळ म्हणतात."

मलाही बोलावलं होतं. व्हिसा दोघांचाही झाला होता. पण आमची म्हैस व्यायला झाली होती, आणि ते पाण्यावर उतरणारं विमान मी फोनवर बघितलं होतं. त्यापेक्षा आमच्या गावचा टमटम बरा. मी म्हटलं, म्हशीला सोडून येत नाही. लोकांनी घरदार सोडलं, राज्य सोडलं, मी एका म्हशीपायी कॅनडा सोडला.

तर हे एकटेच गेले. लॉजवरून पहिले काही दिवस रोज फोन यायचा. तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये इंटरनेट असतं. इथं दिवेलागण झाली की तिथं सकाळ. हे अंगात केशरी जॅकेट घालून, डोक्याला कानटोपी, लहान पोरासारखे खूश. "आगं, पाईक म्हंत्यात त्या माशाला. आपला मरळच, पर दात कुत्र्याचं! हे एवढाऽ धरला आन सोडला. सोडताना जीव तुटला बघ."

"फोटोला हसताय की रडताय तेच कळेना," मी म्हटलं.

असं चाललेलं. मग तिकडं वादळी पाऊस झाला, इंटरनेट गेलं, आणि फोन यायचा थांबला. संजूनं आधीच सांगून ठेवलं होतं की असं होतं, काळजी करू नको. मी काळजी करत नव्हते. फक्त फोन हातातून खाली ठेवत नव्हते, एवढंच.

श्रावण संपत आला होता. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. म्हैस व्याली होती आणि पहिल्यांदाच बाहेर सोडली होती, तर ती सरळ फुगवट्यात जाऊन बसली. दिवस मावळायला थोडा वेळ होता. मी तिला काढायला काठावर गेले. त्या बाजूला आमचं रान शेवटचं, पुढं नुसतं पाणी. बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले. वारा नाही. पाणी शिळ्या वरणासारखं. माणूस कुणी दिसत नव्हतं.

मी म्हशीला दगड दाखवून "हय्यो, हय्यो, ये बाई" करत होते.

आणि पाण्यावरून हाक आली.

"शाले!"

माझं नाव शालन. गावात मला वहिनी, काकू, आजी म्हणतात. हे मला चारचौघांत "अगं" म्हणतात. "शाले" हे नाव फक्त त्यांनी घ्यायचं, तेही लग्नानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत, दार लावल्यावर. संजू झाला आणि ते नाव बंद पडलं. ते जगात कुणाला माहीत नव्हतं. मुलालासुद्धा नाही. आज तुमच्यामुळं पहिल्यांदा लिहिते आहे, आणि या वयात लाज वाटते आहे.

आवाज यांचाच. पण आताचा, विडीनं घोगरा झालेला नव्हे. तेव्हाचा. पंचविशीतला.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. अजिबात नाही. तीच तर मूर्खपणाची कमाल. एकोणिसाव्या वर्षी खऱ्या सासूच्या खऱ्या हाकेला मी ओ दिली नव्हती, कारण नियम पाळायचा होता. आणि आता म्हातारपणी, जेव्हा तो नियम पाळायला हवा होता, तेव्हा पहिल्याच हाकेला, काही विचार न करता, अगदी नव्या नवरीसारखी मी ओरडले -

"ओऽऽ! आले आले! थांबा तिथंच!"

ओरडल्यावर माझं मलाच ऐकू आलं, की आपण काय बोललो. हे कॅनडात आहेत. मग मी कुठं येते आहे? आणि कुणाला थांबवते आहे?

पुढं काहीच झालं नाही. दुसरी हाक आली नाही. पाणी हललं नाही. पण म्हैस - तिची शपथ घेऊन सांगते, कारण तिथं दुसरा साक्षीदार कुणी नव्हता - म्हैस मान वळवून, कान टवकारून, पाण्याच्या मधोमध बघत होती. मग ती आपणहून उठली आणि माझ्या आधी घराकडं चालायला लागली. जी म्हैस चार दगड खाल्ल्याशिवाय पाण्यातून उठत नाही, ती.

घरी आले, दिवा लावला. फोन लावला, लागला नाही. शेजारची सुमन दूध न्यायला आली होती. मी सहज विचारलं, "अगं, तुला आत्ता कुणाची हाक ऐकू आली का? धरणाकडून?"

"तुमचीच आली की, आजी. कुनाला थांबा म्हनत हुता?"

"म्हशीला," मी म्हटलं.

"म्हशीला आवो-जावो?" सुमन हसत गेली. मला हसायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या सॅटेलाइट फोनवरून संजूचा फोन आला. पहिलं वाक्य - "आई, अण्णा ठीक आहेत." ज्या फोनचं पहिलं वाक्य असं असतं, त्यात पुढं काय असणार हे कुठल्याही आईला कळतं.

त्यानं जे सांगितलं, आणि नंतर यांनी येऊन जे सांगितलं, ते जोडून लिहिते.

त्या सकाळी लॉजवरून दोन होड्या निघाल्या होत्या. पहिल्या होडीत हे, संजू आणि त्यांचा गाइड. मागच्या होडीत तिथलाच एक वयस्कर माणूस आणि दुसरा गाइड. त्या माणसाची बायको लॉजवरच थांबली होती, थंडी सोसत नाही म्हणून. आठवडाभर ती यांना रोज सकाळी कॉफी आणून द्यायची आणि हे तिला "थँक्यू ताई" म्हणायचे.

नदी प्रचंड रुंद, आपल्या फुगवट्यासारखी, पण वाहती. निघाल्यावर थोड्या वेळात धुकं आलं. हे म्हणतात, घाटात आयुष्य काढलं पण असं धुकं नाही बघितलं. स्वतःच्या हातातली काठी दिसेना. गाइडनं मोटार बंद केली, काठाचा कानोसा घ्यायला. त्याला वाटत होतं की ते अजून लॉजच्या जवळच आहेत. पण वादळानं पाणी वाढलं होतं, धार ओढत होती, आणि होडी कुणाला न कळता खाली-खाली चालली होती. खाली, वळणापलीकडं, नदी खडकांवरून कोसळत होती.

त्या शांततेत यांनी माझा आवाज ऐकला. मागच्या बाजूनं, लांबून, पण स्पष्ट. "ओऽऽ, आले आले, थांबा तिथंच!"

हे उभे राहिले. होडीत उभं राहायचं नसतं, गाइड ओरडला. यांना येणारं इंग्रजी म्हणजे "स्टॉप" आणि "थँक्यू". "स्टॉप! स्टॉप!" करत यांनी पायाशी पडलेला लोखंडी नांगर उचलला आणि पाण्यात टाकला. गाइड चिडला. संजू म्हणाला, "अण्णा, काय करताय!" हे म्हणाले, "तुझी आई थांब म्हंतीया."

होडी हिसका बसून थांबली. आणि थांबल्यावर, होडीखालून पाणी कुठं धावतं आहे ते कळल्यावर, गाइडला खालच्या खडकांवरचा आवाज ऐकू आला. संजू सांगतो, गाइडचं तोंड पांढरं झालं.

तेवढ्यात मागची होडी आली. ती मोटार चालू ठेवून यांना शोधत येत होती. यांच्या होडीतले तिघेही ओरडले. तिघेही ओरडले. धुक्यात बाजूनं एक काळी सावली गेली आणि मोटारीचा आवाज वळणापलीकडं गेला. मग तो आवाज एकदम थांबला.

त्या होडीतला गाइड खडकाला धरून राहिला, वाचला. तो माणूस गेला. जॅकेट अंगात होतं, पण पाणी बर्फाचं.

संजूनं कुणाचाही आवाज ऐकला नव्हता. त्याच्याकडं उत्तरं आहेत. म्हणतो, तिथं एक पाणपक्षी असतो, हुबेहूब बाईमाणसासारखा लांबून हाक मारतो. मी म्हटलं, "असेल बाबा. मराठीत मारतो का?" मग म्हणतो, अण्णा जन्माचे ड्रायव्हर, धुकं दिसलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. हे मला पटायला हवं होतं. मी त्याच विचारांची बाई आहे. पण मी काय बोलले, ते मी संजूला अजून सांगितलं नव्हतं. शब्द त्यानं मला सांगितले - "अण्णा म्हणत होते, आई म्हणाली थांबा तिथंच." इथं संध्याकाळ, तिथं सकाळ. घड्याळ मी नंतर जुळवलं नाही. जुळलं असतं तर काय, आणि नसतं जुळलं तर काय...

हे परत आले. विमानतळावर न्यायला पुतण्या गेला होता. घरी आले ते वाळून. आल्या आल्या मी म्हटलं, "तुम्ही हाक मारली म्हणून मी ओ दिली. काय वेळेवर हाक मारलीत!"

ते म्हणाले, "कुनाला?"

"मला. शाले म्हणून."

"म्या न्हाय मारली," ते म्हणाले. "पान्यावर म्या कवाच कुनाला हाक मारत न्हाय. तवा बी न्हाय मारली. मला ठावंबी न्हवतं काय हुतंय ते. म्या निसती तुझी ओ ऐकली."

मी त्यांना दोन-तीनदा विचारलं. मनातल्या मनात तरी? आठवण काढली होती का? ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या मनात फक्त थंडी होती, आणि एक मासा.

मग मला कुणी बोलावलं?

यावर मी फार विचार केला. आणि विचार एकाच जागी जाऊन बसतो. ज्यानं कुणी मला यांच्या आवाजात हाक मारली, त्यानं यांना वाचवायला मारली, असं मी सुरुवातीला धरून चालले होते. भैरवनाथाला जाऊन नारळही फोडून आले. मग एका दुपारी भाकरी थापताना मनात आलं, त्या बाईला मारली असेल का हाक? तिच्या नवऱ्याच्या आवाजात? ती लॉजमध्ये कॉफी करत असेल, कॉफीचं मशीन घरघरत असेल, ऐकू आली नसेल. किंवा आली असेल, आणि तिनं म्हटलं असेल, छे, ते तर लांब नदीवर आहेत. शहाणी बाई असेल. माझ्यासारखी नसेल. किंवा तिला कुणी हाक मारलीच नाही. एकच हाक होती, आणि ती इकडं आली.

यातलं कुठलं खरं आहे ते मला माहीत नाही, आणि कुठलंही खरं निघालं तरी मला झोप लागायची नाही. भाकरी त्या दिवशी करपली.

त्यानंतर हे धरणावर गेले नाहीत. गळ, काठी, दोरी सगळं सुमनच्या नवऱ्याला देऊन टाकलं. अंगणात बसतात ते पाण्याकडं पाठ करून. आणि आमच्या घरात हाक मारणं बंद झालं आहे. चहा हवा असला तरी उठून येतात, माझ्यासमोर उभे राहतात, आणि मग बोलतात. मी चुलीकडं तोंड करून असले तर खांद्याला हात लावतात. आधी मी चेष्टा करायची, "काय, म्हातारपणी अंगचटीला येताय?" आता करत नाही. मलाही सवय झाली आहे. लांबून कुणी कुणालाही हाक मारली तरी माझं तोंड आपोआप मिटतं.

नातीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, आजी, योगायोग. तिचं वय योगायोगाचं आहे. तुमच्यातल्या कुणाला काही कळत असेल तर सांगा. मला अजून काही कळलेलं नाही, आणि ज्या बाईनं स्वतःच्या सासूची हाक ओळखली नाही तिला हे कळेल अशी आशाही नाही.

फक्त गेल्या आठवड्यातलं एक सांगते. पाऊस झाला होता, धरण भरत आलं होतं, पाणी आमच्या बांधाला लागलं होतं. हे बराच वेळ दारात उभे राहिले. मग आत येऊन माझ्यासमोर बसले. मीच विचारलं, "अहो, उद्या समजा पाय घसरला तुमचा, खरंच पाण्यात पडलात, आणि खरंच हाक मारलीत... तर मी काय करायचं?"

ते म्हणाले, "ओ देऊ नको, शाले. म्या खरंच बुडत आसलो तरी न्हाय. ती कॉफीवाली ताई लॉजच्या धक्क्यावर हुबी ऱ्हाऊन दिवसभर नवऱ्याला हाका मारत हुती, आन तिला कुनीच ओ दिली न्हाय... तिच्या वाटची ओ म्या घेतली, आन म्या तिच्या शेजारी हुबा हुतो."